तिची गोलमधली जागा

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आणि गेल्यावर मधूनच परत आले नाही, ते आमच्या हॉकी संघाच्या गोलकीपरमुळे. आईवडिलांचं देणं वेगळं, ते बोलून दाखवायचं नसतं. बाकीच्या माणसांत तिचा नंबर पहिला. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही.

मी धरणगाव तालुक्यातल्या एका गावची. वडील कापसाच्या जिनिंगवर हमाली करायचे. बारावीला बरे मार्क पडले म्हणून जळगावच्या कॉलेजात नाव घातलं. गावातून धरणगाव, तिथून जळगाव असा दोन एसट्यांचा प्रवास. पहिला तास कायम बुडायचा आणि दुपारचं प्रॅक्टिकल अर्धं टाकून पळावं लागायचं. मधल्या वेळात कुठे बसावं ते कळायचं नाही. वर्गातल्या मुली कॅन्टीनला जायच्या. मी खेळाच्या खोलीबाहेरच्या कट्ट्यावर डबा खायची, कारण तिथे कुणी विचारत नसे.

एक दिवस विचारलं. खोलीतून उंच, रुंद खांद्यांची एक मुलगी बाहेर आली आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी बोटावर घेत म्हणाली, "ए, तुला पळता येतं का?"

"येतं. पण मला हॉकी येत नाही."

"आम्हाला तरी कुठे येते! दहाजणी आहोत. अकरा झाल्या की संघाचा स्पर्धेचा फॉर्म जातो. चल."

हीच ती गोलकीपर. माझ्याच वर्षाची, पण दुसऱ्या तुकडीत. घर जळगावातलंच. तिच्या अब्बांचं गाद्यांचं दुकान होतं: पुढे कापूस पिंजण्याचं मशीन, मागे दोन खोल्यांत घर. तिनेच मला सांगितलं की संघातल्या मुलींसाठी वसतिगृहात काही जागा राखून असतात. मला हॉकीशी घेणंदेणं नव्हतं. वसतिगृहाशी होतं. पण वडील तयार होईनात. मग एका रविवारी ती एकटी एसटीत बसून आमच्या गावी आली.

वडील ओट्यावर बसले होते. काठ्या घेऊन पळायचा खेळ त्यांना पटेना. म्हणाले, "काठ्या लईसन पयनं, हाऊ कसाना खेय शे?"

ती तिथेच खाली मांडी घालून बसली. "आबा, खेळ समजूच नका. हॉस्टेल समजा. सकाळी तासभर पळायचं, बाकी दिवसभर अभ्यास. एसटीत बसून कुणी पास झालंय का?"

"आनि पाय मोडना म्हनजे?"

"तिचा नाही मोडणार. बॉल आधी माझ्या पायावर येतो."

वडील हसले. ते अनोळखी माणसासमोर हसत नाहीत. पुढच्या आठवड्यात मी ट्रंक घेऊन वसतिगृहात गेले. पदवी, नंतरची परीक्षा, भडगावच्या कार्यालयातली माझी आजची खुर्ची, हे सगळं त्या ट्रंकेनंतरचं आहे.

आमचं मैदान काळ्या मातीचं होतं. पावसाळ्यात, म्हणजे नेमकं हंगामाच्या तयारीच्या दिवसांत, त्यावर पाय ठेवला की बुटाला शेर शेर माती चिकटायची. म्हणून खेळाच्या सरांनी गावाबाहेरच्या एका जिनिंगचं आवार मागून घेतलं होतं. कापूस येईपर्यंत जिनिंग बंद असते, आणि कपाशीचे ढीग टाकायचं सिमेंटचं मोठं आवार रिकामं पडलेलं असतं. सकाळी सहाला आम्ही आधी झाडू मारायचो. कोपऱ्यांत मागच्या वर्षीची सरकी राहिलेली असायची, तिच्यावर बॉल गेला की उडायचा. झाडून झालं की खडूने गोलपुढची अर्धगोल डी आखायची, दोन पिंपं ठेवून गोल करायचा, आणि सुरू. सिमेंटवर बॉल असा सुटायचा की बाकीच्या कॉलेजांना आम्ही सहज पळवू असं वाटायचं.

त्याच वर्षी पॅडचं झालं. गोलकीपरच्या पायाला बांधायचे कॉलेजचे जुने पॅड उंदरांनी कुरतडले होते. आतला फोम भुग्यासारखा गळायचा. नवे यायला वेळ होता. तिच्या अब्बांनी पॅड दुकानात नेले, उसवले, फोम झटकून टाकला आणि चांगला पिंजलेला कापूस ठासून भरला. वरून दाभणाने गादीला घालतात तसे टाके घातले. इतके सुरेख दिसत होते की आम्ही त्यांवरून हात फिरवत बसलो. जिनिंगच्या आवारात तिने ते बांधले, आम्ही जोरात बॉल मारले, आणि बॉल तिच्या पायाला लागून तिथेच मरून पडायला लागला. थप्प, बस्स. आम्हाला वाटलं, याहून चांगले पॅड जगात नसतील. सरांनाही वाटलं.

धुळ्याला पहिली मॅच झाली तेव्हा कळलं. फोमच्या पॅडवर आपटलेला बॉल लांब उडतो, धोका टळतो. आमच्या कापसावर आपटलेला बॉल गोलसमोर दोन हातांवर शांत पडून राहायचा, आणि समोरची मुलगी येऊन तो हलकेच आत ढकलायची. तिने एकही बॉल सोडला नाही आणि आम्ही पाच गोल खाल्ले. परतीच्या एसटीत बसलो. पारोळा मागे पडल्यावर तिलाच पहिलं हसू फुटलं.

"अब्बांनी गादीच केली ना! बॉल आला की झोपतो."

सगळ्या इतक्या हसलो की कंडक्टर मागे येऊन म्हणाला, "जिकन्यात का?"

"हरलो, भाऊ," ती म्हणाली, "पण आरामात."

नवे पॅड पुढे आलेच नाहीत. अब्बांना ती काही बोलली नाही. त्यांनी मनापासून केलं होतं. तिने दुसरीच वाट काढली. मी फुलबॅक होते, तिच्या पुढ्यातच. तिने मला सांगितलं, "मी अडवते. पडलेला बॉल तुझा. समोरचीच्या आधी पोचायचं." दुसरं अख्खं वर्ष आम्ही तेवढंच घोटलं. बॉल पायावर आला की ती ओरडायची, "ले!" आणि तो शब्द पुरा व्हायच्या आत मी बॉल लांब मारलेला असायचा. मागे वळून बघावं लागायचं नाही. आयुष्यात मला कुणी इतकं बिनधास्त केलेलं नाही. त्या वर्षी आम्ही दोन मॅच जिंकलो, तिसरी बरोबरीत सुटली.

मग तिसऱ्या वर्षाची तयारी सुरू झाली, आणि ती आली नाही.

उन्हाळ्यात तिच्या अब्बांचा दम वाढला होता. डॉक्टरांनी कापसाच्या धुळीत बसायला मनाई केली. धुळ्याला तिच्या काकांचंही गाद्यांचं दुकान होतं, तिथे पिंजायला काका होते. जळगावचं बंद करून सगळं घर तिकडे गेलं. हे मला जूनमध्येच कळलं होतं. पण कॉलेज तर करेलच, वसतिगृहात राहील, माझ्याच खोलीत राहील, असं मी धरून चालले होते. खोलीतली दुसरी कॉट मी कुणाला घेऊ दिली नाही. तिचा नंबर म्हणजे दुकानाचा नंबर. फोन काका उचलायचे. "सांगतो हां बेटा," म्हणायचे.

सरांनी त्या वर्षी मला कॅप्टन केलं होतं. रोज सकाळी मुली विचारायच्या, "ताई, गोलकीपर?"

"येतेय. घरी काम आहे."

पहिल्या वर्षाची एक मुलगी गोलमध्ये उभी राहायला तयार होती. साक्रीकडची, बारीकशी, पण बॉलला न घाबरणारी. ती रोज पिंपांजवळ जाऊन उभी राहायची आणि मी रोज तिला दुसरीकडे पाठवायचे. पॅड माझ्या ट्रंकेत कुलूप लावून ठेवले होते. तीन आठवडे आम्ही रिकाम्या गोलवर बॉल मारले. सरांना मी काय काय सांगितलं, आता आठवलं तरी लाज वाटते.

शेवटी सर म्हणाले, "शनिवारी फॉर्म पाठवायचाय. तू तिला आणणार आहेस का? नसशील तर तसं सांग."

मंगळवारी मी धुळ्याची एसटी धरली. वाटभर काय बोलायचं ते जुळवत होते. दुकान सापडलं तेव्हा ती जमिनीवर पसरलेल्या गादीवर गुडघे टेकून टाके घालत होती. दाभण वर ओढताना तिचा हात अगदी खांद्यापर्यंत जायचा. मला बघून दाभण तसंच रोवून उठली, मला उचललंच. आतून अब्बा आले. दारातल्या खुर्चीवर बसून, मध्ये थांबत म्हणाले, "ले जा इसको. मेरी नहीं सुनती."

"अब्बा, तुम्ही गप्प बसा. बोलू नका सांगितलंय ना डॉक्टरने."

मग ती एकेकीची चौकशी करू लागली. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा गुडघा कसा आहे, जिनिंगच्या वॉचमनची गाय व्यायली का. आणि सहज विचारलं, "गोलमध्ये कोण आहे?"

"कुणी नाही."

"कुणी नाही म्हणजे?"

"तुझी जागा आहे."

चिडली की ती आवाज बारीक करायची. "तीन आठवडे गोलकीपर नाही? आणि पोरी कुणावर मारतायत, पिंपावर? वेडी आहेस का तू? कॅप्टन ना?"

"एक आहे पहिल्या वर्षाची. पण तिला उभं केलं तर तू..."

तिने चहा ठेवला. चहा पिताना म्हणाली, "अब्बा बसतात दारात, पण गाठोडं उचलायचं कुणी? काकांची कंबर गेलेली. मला यायचं नाही असं नाही." मग बराच वेळ गादीवरचे धागे वेचत राहिली. निघताना मला बसस्टँडवर सोडायला आली आणि म्हणाली, "शनिवारपर्यंत बघते. फोन करते."

एवढ्या शब्दावर मी जळगावपर्यंत खिडकीत बसून तिची कॉट, तिची थाळी, सगळं मनात मांडत आले.

बुधवारी फोन आला नाही. गुरुवारीही नाही. गुरुवारी सकाळी आवारात झाडू मारून झाल्यावर साक्रीकडची मुलगी माझ्याजवळ आली. "ताई, मी थांबू का जाऊ? मला पहिला तास असतो."

रागाने नाही, खरंच विचारत होती. कट्ट्यावर बसून डबा खाणाऱ्या मला कुणी असं तीन आठवडे ताटकळत ठेवलं असतं, तर मी परत गावी गेले असते. आणि धुळ्याला बसलेली ती रोज फोनकडे बघून, मला नाही कसं म्हणावं याचा विचार करत असणार, हेही तेव्हाच मनात आलं. तिला नाही म्हणता येत नव्हतं आणि मी ते म्हणू देत नव्हते. मी वसतिगृहावर जाऊन ट्रंक उघडली. पॅड आणून त्या मुलीच्या पायाला स्वतः बांधले. तिला ते मांडीपर्यंत यायचे. त्या दिवशी तिने सात गोल खाल्ले, आणि दर वेळी बॉल स्वतःच आणून दिला.

दुपारी मी पत्र लिहिलं. फोनवर काका असते, आणि मला रडू आलं असतं. पत्राचं उत्तर तिने लिहिलं नाही. बाहेरून फॉर्म भरून ती पदवीधर झाली, माझ्यानंतर एका वर्षाने. दुकान आता तीच चालवते. सणावाराला फोन होतो, दोघी घाईत असतो. एवढी वर्षं झाली, पण सकाळी मुलींचा घोळका मैदानावर दिसला की मी आधी गोलकडे बघते, तिथे कोण उभी आहे ते. पत्राचा कच्चा मसुदा वहीत राहिला होता, तो आहे तसा इथे उतरवते.

"प्रिय सखी,

शनिवारची वाट बघू नकोस, मीही बघणार नाही. फॉर्मवर गोलकीपर म्हणून दुसऱ्या मुलीचं नाव मी आजच लिहिलं. सरांना सांगितलं की तू येणार नाहीस, आणि हे तू नाही, मी ठरवलं. तेव्हा तुला फोन करून काही सांगावं लागणार नाही.

तू परवा रागावलीस ते बरोबर होतं. मी जागा तुझ्यासाठी ठेवली नव्हती, माझ्यासाठी ठेवली होती. तुझ्याशिवाय मला तिथे उभं राहायची भीती वाटते. अजून वाटते.

परीक्षेचा फॉर्म बाहेरून भरता येतो, मी ऑफिसात विचारून आले. मुदत आहे. कागद सोबत पाठवते. माझ्या नोट्स दर महिन्याला पोस्टाने येतील. हे मात्र तू नाही म्हणायचं नाहीस. तू आमच्या ओट्यावर मांडी घालून बसली होतीस, मी तुझ्या दुकानात येऊन बसेन.

नवी मुलगी चांगली आहे. फार पुढे येते आणि मागचा कोपरा उघडा ठेवते. मी ओरडते, पण माझं ती ऐकत नाही.

आमची पहिली मॅच धुळ्यालाच आहे, सकाळची. दुकान सोडून येऊ नकोस. पण त्या बाजूला काही काम निघालंच, तर गोलच्या मागे थोडा वेळ उभी राहा आणि तिला सांग.

अब्बांना सलाम.

तुझी,
फुलबॅक"