रोमन झग्यांचं कापड आणायला सुरतेला

सुरतेला लोक साड्या घ्यायला जातात. आम्ही मायलेकी गेलो ते रोमन शिपायांच्या झग्यांना कापड हवं होतं म्हणून. गोष्ट नव्वदच्या दशकातली, तिथे प्लेग होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शेजारीण आईला म्हणाली, "पवारबाई, दुसरं गाव नाही का मिळालं?"

भुसावळच्या आमच्या चर्चमध्ये दर ईस्टरला आई एक नाटक बसवायची. लिहायची तीच, बसवायची तीच आणि पडद्यामागून सगळ्यांवर ओरडायचीही तीच. विषय ठरलेला: रोमन सम्राटांनी पहिल्या ख्रिस्ती लोकांचा केलेला छळ. पाळकांकडच्या जाड इतिहासातून ती टिपणं काढायची. एका सम्राटाने फर्मान काढलं, सगळ्यांनी देवळापुढे यायचं, निखाऱ्यावर चिमूटभर धूप टाकायचा आणि घरी जायचं. जे टाकणार नाहीत त्यांना तुरुंग, खाणी, सिंह. नाटकात एक म्हातारा बिशप असायचा. त्याला अधिकारी म्हणायचा, "नुसती चिमूट, आजोबा. कोण बघतंय?" आणि बिशप हात मागे घ्यायचा. माझा मोठा भाऊ दानिएल, आमचा दानू, कापसाची दाढी लावून हा बिशप करायचा तेव्हा मागच्या बाकांवरचे रेल्वेचे फिटरसुद्धा डोळे पुसायचे.

दानू कामासाठी सुरतजवळ कडोदऱ्याला गेला आणि चार ईस्टर आलाच नाही. सुट्टी नाही, मशीन सोडता येत नाही, असे निरोप यायचे. त्यात माळ्यावरचे जुने झगे उंदरांनी खाल्ले. आईने दोन्ही दुखणी एकत्र बांधली. पप्पा लोको शेडमध्ये होते, पास होताच. "कापडही आणू आणि बिशपलाही आणू," ती म्हणाली. पप्पांचा दमा उचलला होता, म्हणून सोबत मी.

तुम्ही जाणार असाल तर ही लाइन दिवसा करा. सुरत पॅसेंजर रमतगमत जाते, पण बघायला मिळतं. अमळनेरपर्यंत ऊन आणि काळी माती, नंदुरबारनंतर साग आणि डोंगर. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये आहे. मी उगीचच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊन पाणी भरून आले. आई मात्र खिडकीला डोकं टेकवून दानूच्या संवादांत बदल करत होती. बारडोलीला पात्रा घ्या, म्हणजे अळूवड्या, लाटल्यासारख्या इतक्या पातळ की हात थांबत नाही. आम्ही दानूसाठी राखून ठेवायचं ठरवलं आणि चलथाण येईपर्यंत संपवलं.

कडोदऱ्यासाठी चलथाणला उतरलं की आधी साखर कारखान्याचा वास येतो, मळीचा, गोडसर आणि कुजका. स्टेशनबाहेर उसाच्या गाड्यांची रांग होती. दानू पुढे आला. आमच्यात भेटल्यावर "सलाम" म्हणायची रीत. तो वाकला आणि आईच्या पाया पडला. आई दोन पावलं मागेच सरली.

रिक्षावाला म्हणाला, "बेसो, दिनेशभाई." रिक्षा महामार्गाला लागली. मग दानू खालच्या आवाजात म्हणाला, "आई, इथं मला दिनेश म्हणतात. तुम्ही पण तसंच म्हणा."

"का रे?"

"तीन ठिकाणी खोली मागितली. नाव विचारलं, सांगितलं. तिन्ही ठिकाणी खोली भरलेली निघाली. चौथ्या ठिकाणी दिनेश पवार सांगितलं, तर किल्लीच हातात दिली. खोली शेठची आणि मशीन पण त्याचंच. आता खरं सांगितलं तर दोन्ही जाईल."

 आईने विचारलं, "बापाचं नाव काय सांगितलंस?"

सॅम्युएलचं त्याने शामराव केलं होतं.

"म्हणजे मी शामरावांची बायको," आई म्हणाली. मला हसू आलं, तिला नाही. उतरायच्या आधी दानूने तिच्या मंगळसूत्रातल्या क्रुसाकडे नुसतं बघितलं. आईने तो पदराच्या आत सारला.

खोली म्हणजे एका लांब चाळीतली दहा बाय दहाची कोठडी. भिंतीपलीकडे लूम, म्हणजे यंत्रमाग. खटाखट, खटाखट, अखंड. इथली माणसं भांडत नसतात, त्या आवाजावर आवाज चढवून बोलत असतात, हे कळायला मला अर्धा दिवस लागला. भिंतीवर सप्तशृंगीचं कॅलेंडर होतं, शेजारच्या सुमनताईने दिलेलं. सुमनताई पारोळ्याकडची. नवराही त्याच शेठकडे कामाला. आम्ही टेकतो न टेकतो तोच ती चहा घेऊन आली आणि आईच्या मोकळ्या कपाळाकडे बघून एकदम दबकली.

"भाऊ, तुमना वडील...?"

"आहेत, आहेत. रेल्वेत आहेत," दानू घाईने म्हणाला.

"मंग कुकू घामनी पुसाई गयं व्हई," ती म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडला. आमचा टांगणीला लागला.

तिच्याबद्दल एक वाकडा शब्द लिहायचा म्हटलं तरी मला सापडणार नाही. आम्ही होतो तोवर तिने आम्हाला चूल पेटवू दिली नाही. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवेची भाजी, सगळं तिच्याकडून. आईला सांगत होती, "तुमना पोऱ्या सोनं शे, माय. मना पोऱ्या दवाखानामा व्हता तवय रातभर बठेल व्हता." आई मान हलवत राहिली. आमच्या घरी संध्याकाळी गाणं आणि प्रार्थना होते. त्या संध्याकाळी दानूने रेडिओ मोठा केला आणि आईने त्याच्या आडून ओठ हलवले.  लपायला आम्ही काय चोरी केली होती?

दुसऱ्या दिवशी त्याचं खातं बघायला गेलो. लूमच्या शेडला इथं खातं म्हणतात. आम्ही दारातच उभ्या राहिलो. पाळी सुरू व्हायची होती. दानूने खिशातून दोन अगरबत्त्या काढल्या, पेटवल्या, मशीनवरून ओवाळल्या आणि फटीत खोचल्या. सगळे कारागीर तेच करत होते. मी आईकडे बघायचं टाळलं. कापसाची दाढी लावलेला, हात मागे घेणारा दानू माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर आला. "बोल आता," आईला म्हणाला.

"काय बोलू? कुणी जबरदस्ती केली?"

"कुणीच नाही. पहिला महिना मी लावत नव्हतो. कोण काही बोललं पण नाही. मग एकदा माझ्या मशीनवर सूत सारखं तुटायला लागलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. नुसते बघत होते, आई."

आईने नाटकाचं विचारलंच नाही. एवढ्या लांब जे विचारायला आली होती ते तिने परत पिशवीत भरलं.

दुपारी दानूने अर्धी पाळी बदलून आम्हाला सुरतेला नेलं. रिंगरोडच्या मार्केटमध्ये जाताना पायात बंद चपला घाला आणि मजले चढायची तयारी ठेवा. दुकानदार घाऊकवाले, दोन-चार मीटरला तोंड फिरवतात, पण तळमजल्यावर कटपीसवाले मिळतात. गाव खरोखर स्वच्छ होतं. प्लेगच्या नावाने नाक मुरडणाऱ्या भुसावळकरांनी बघायला हवं होतं. कटपीसवाल्याने विचारलं, "बेन, साडी माटे के ड्रेस माटे?"

"नाटक के लिए. राजा के सिपाही," मी म्हटलं.

"तो बोलो ने! रामलीला?"

"हा, रामलीला," दानू म्हणाला. जिभेला वळणच पडलं होतं. दुकानदाराने खूश होऊन लाल सॅटिनचा तागा उलगडला आणि भाव कमी केला. आई हाताने कापड चाचपत राहिली, दोन्ही बाजूंनी, पुन्हा पुन्हा.

सुरतनुं जमण अने काशीनुं मरण, असं तिकडे म्हणतात, जेवावं सुरतेला आणि मरावं काशीला. चौकाजवळ लोचो खाल्ला, ढोकळ्याचा मऊ, मोकळा भाऊ, वर तेल आणि शेव घातलेला, गरमागरम. चव उत्तम असणार. माझं लक्ष दानूकडे होतं. मग तापीच्या काठावर बसलो. आमच्या भुसावळजवळून जाते तीच तापी, इथं रुंद आणि गढूळ.

"ईस्टरला ये," आई शेवटी म्हणाली. "बिशप नको करू. नुसता ये."

"बघतो," दानू म्हणाला. हा "बघतो" तिघांनाही समजला.

निघायचा दिवस. पिशव्या दारात होत्या, रिक्षा उभी होती. चाळीतल्या चार-पाच बायका निरोपाला आल्या होत्या, शेठचा मुकादमही कठड्याला टेकून विडी ओढत होता. सुमनताई आतून करंडा घेऊन धावत आली.

"अश्या कश्या जाशात, माय? थांबा, कुकू लावस."

आमच्या आईने आयुष्यात कपाळाला कुंकू लावलं नव्हतं. शेजारणींच्या हळदीकुंकवाला ती तिळगूळ घ्यायची आणि हसून म्हणायची, "आमच्यात नाही लावत." कुणाला वाईट वाटायचं नाही. तेवढंच वाक्य इथं म्हटलं असतं तर मुकादमाने विडी विझवून विचारलं असतं, तुमच्यात म्हणजे कुणाच्यात?

मी दानूकडे बघितलं. त्याच्या हातात आईची पिशवी होती आणि तो भिंतीकडे बघत होता. त्याने तिला खूण केली नाही, हे मला त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. सुमनताईची बोटं हळदीत बुडाली. आईने मान खाली घातली.

हळद लागली, कुंकू लागलं. "आते कशी लक्षुमीसारखी दिसस," सुमनताई म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मग तिने मला लावलं. आईनंतर माझं ते काय.

गाडीत बसल्या बसल्या मी ओढणीने कपाळ पुसलं. आईने नाही पुसलं. व्यारा गेलं, सोनगड गेलं, कुंकू घामाने ओघळून भुवईत उतरलं. मी रुमाल पुढे केला, तिने घेतला नाही.

"सोपं होतं गं," ती म्हणाली. "इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं."

"दानूसाठी केलंस."

"त्यांनीपण लेकरांसाठीच केलं असणार. ज्यांनी धूप टाकला त्यांनी." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "मी तो अधिकारी दात विचकणारा लिहिला. चुकलं. सुमनसारखा लिहायला हवा होता. मायेने जवळ येणारा."

मी विचारलं, त्या लोकांचं पुढे काय झालं. आईने ते वाचलं होतं, नाटकात मात्र कधी घेतलं नव्हतं. छळ थांबल्यावर ते रडत परत आले. चर्चच्या मंडळीत मोठं भांडण लागलं. काही म्हणाले, यांना कधीच आत घ्यायचं नाही. शेवटी ठरलं की त्यांनी पश्चात्ताप करावा, वर्षानुवर्षं. उपासनेला यावं, पण प्रभुभोजनाची, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळे वाटून घेतात ती, भाकर आणि पेला त्यांना नाही.

"कधीच नाही म्हणणाऱ्यांना आया नव्हत्या वाटतं," मी म्हटलं. मला भयंकर राग आला होता. कुणावर ते तेव्हा कळलं नाही आणि आजही नीट सांगता येत नाही. सम्राट नव्हता, शिपाई नव्हते, सिंह नव्हता. एक भली बाई होती आणि एक दहा बाय दहाची खोली.

नाटक त्या वर्षी झालं. झगे झकास दिसले. बिशप सुताराच्या मुलाने केला, ठीक केला. आई पडद्यामागे होती आणि कुणावरही ओरडली नाही. दानू आला नाही.

ईस्टरच्या उपासनेत भाकरीचं ताट बाकांवरून फिरत आलं. आईने ते घेतलं आणि तसंच माझ्याकडे दिलं. मला वाटलं, चुकून. पेल्यांचंही तेच. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्याही. पाळक घरी विचारायला आले, तर पोट बरं नसतं म्हणाली. पप्पांनाही तिने तेच सांगितलं. मी एकटीच जाणत होते आणि मी भांडून बघितलं. "देव इतका हिशेबी नाही गं आई," म्हटलं. "देवाचं नाही बोलत मी," ती म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

दोन वर्षांनी नाताळला दानू आला. उपासनेत आमच्या मध्ये बसला, आईच्या डाव्या हाताला. दाढीचे खुंट, हातांवर मशीनच्या तेलाचे न जाणारे डाग. ताट आलं. आईने ते दोन्ही हातांनी घेतलं, स्वतःला काही न घेता त्याच्यापुढे धरलं. त्याचे डोळे मिटलेले होते, तिने घेतलं नाही हे त्याला दिसलं नाही. "दानिएल," तिने हळूच हाक मारली. त्याने डोळे उघडले, तुकडा घेतला, तोंडात टाकला. तो गिळेपर्यंत ती त्याच्याकडे बघत होती, मग तिने ताट माझ्याकडे दिलं.