मल्लप्पाचा रिझर्व्ह

मी सुभेदार म्हणून रिटायर झालो. गाव अफजलपूर. पेन्शन सुरू झाली की फौजीचा फॉल-इन, रांगेतली हजेरी, संपतो असं लोकांना वाटतं. कशाचं काय! दर महिन्याच्या पाच तारखेला, सकाळी साडेआठला, मी जिल्ह्याच्या ठिकाणी माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमध्ये हजर. मला बीपीच्या गोळ्या, निंबर्ग्याच्या नायक मल्लप्पाला हृदयाच्या.

मल्लप्पा माझ्याच प्लाटूनचा रेडिओ ऑपरेटर. वर्दी उतरवून बारा वर्षं झाली, तरी मोबाईलवर तसाच बोलायचा. "निंबर्ग्याहून निघालो, साहेब. ओव्हर." बसमधली माणसं हसायची. ह्या पठ्ठ्याला त्याचं काही नव्हतं.

सिव्हिलियन लोक म्हणतात, तुमचं बरं आहे, औषध फुकट. मिळतं, खरं आहे. पण कायदा आहे. डॉक्टरनं कोणत्याही कंपनीचं नाव लिहिलेलं असू दे, आतलं औषध तेच असलं की स्टॉकमध्ये असेल ती कंपनी घ्यायची. एका वेळी तीस दिवसांचंच. तीस म्हणजे तीस, एकतिसावी मागितली तर फार्मासिस्ट चष्म्याच्या वरून बघतो. स्टॉक संपला असेल तर चिठ्ठीवर 'उपलब्ध नाही' असा शिक्का घ्यायचा, बाहेरून औषध आणायचं आणि बिल जमा करायचं. हे सगळं मला पाठ होतं. मल्लप्पाला नव्हतं.

मागच्या साली त्याच्या हृदयात स्टेंट बसवला. डॉक्टरांनी बजावलं होतं, रक्त पातळ करायची गोळी रोज एक, एक दिवसही चुकवायची नाही. पुढं एका महिन्यात नेमकी तीच गोळी क्लिनिकमध्ये संपलेली होती. त्या पाच तारखेला मी लग्नाला सोलापुरात. काउंटरवरच्या माणसानं "चार दिवसांनी या" म्हटलं आणि मल्लप्पा सरळ घरी गेला. चार दिवस गोळीविना काढले.

कळल्यावर मी तापलो. "शिक्का कामून मागितला न्हाईस?"

"त्यानं न्हाई म्हटलं, साहेब. म्या जयहिंद करून आलो."

"अरे गाढवा, ती काय सीमेवरची पोस्ट हाय व्हय हुकूम ऐकायला? आन् आठवड्याच्या गोळ्यांचा रिझर्व्ह नको का हाताशी?"

"व्हय, साहेब."

रिझर्व्हचं वाक्य माझ्या तोंडून सहज गेलं. पण मल्लप्पानं ते कोणाकडून ऐकलं, हे मी विसरलो. वरच्या पोस्टवर एकदा हवामान बिघडलं आणि अकरा दिवस हेलिकॉप्टर आलं नाही. मी तेव्हा प्लाटून हवालदार. पहिल्या दिवसापासून सगळ्यांचं रेशन अर्धं केलं आणि सांगितलं, रिझर्व्हच्या पेटीला हात लागला तर हात तोडीन. मल्लप्पा अर्ध्या पोटी सेटवर बसून रोज दोनदा रिपोर्ट द्यायचा, "ऑल ओके. ओव्हर." अकराव्या दिवशी अर्धं रेशनही संपलं आणि पेटी उघडली, तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. त्यावर आम्ही उतरेपर्यंत जगलो. तो हुकूम त्याच्या अंगात मुरला होता.

पाच महिन्यांनी, मंगळवारी, सकाळी सव्वादहाला त्याच्या बायकोचा, शांतक्काचा फोन आला. "अण्णा, ह्यांच्या छातीत दुखायलंय. घामानं भिजलेत. आधी क्लिनिकची चिठ्ठी आणू का?"

"चिठ्ठी-बिठ्ठी काही नको! इमर्जन्सीत कुठंही चालतं. गाडीत घाला, जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. मी निघालो."

दवाखान्यात पोचायला मला बारा वाजले. मल्लप्पा स्ट्रेचरवर, शुद्धीवर. स्टेंटमध्ये रक्ताची गाठ झाली होती. डॉक्टर विचारत होते, गोळी शेवटची कधी घेतली? शांतक्कानं पिशवीतून बिस्किटाचा डबा काढला. त्यात गोळ्यांच्या पट्ट्या, तारखेप्रमाणे लावलेल्या, रबर लावून.

मला बघून त्याचा चेहरा खुलला. "साहेब, आठवड्याचं सांगितलं होतंत. म्या पंचाहत्तर दिवसांचा केलाय."

"कसा केलास रे?"

"एक दिवस खायची, एक दिवस ठेवायची. हात लावला न्हाई."

महिन्याला तीसच मिळतात. तिसांतून रिझर्व्ह काढायचा म्हणजे तोंडातली गोळीच काढायची. एवढा हिशोब मी त्याला सांगायला पाहिजे होता. सांगितला नाही. मी रागात बोललो आणि बस धरली.

"शाब्बास," म्हटलं मी. दुसरं काय म्हणणार? त्याला आत नेलं. एक चाळीसला डॉक्टर बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी निंबर्ग्यात मल्लप्पाला त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे, कपाळाला विभूती लावून, बसवूनच माती दिली. आम्ही सहा पेन्शनर होतो. सॅल्यूट दिला. मी रडलो, आणि लपवलं नाही. निघताना शांतक्कानं डबा पुढं केला. "अण्णा, ह्या परत करायच्या का?" मी म्हटलं, मी बघतो.

क्लिनिकमध्ये घेतलेली गोळी परत जमा होत नाही. डबा माझ्याकडेच आहे.

अजूनही पाच तारखेला साडेआठला मी काउंटरजवळ उभा असतो. नवीन पेन्शनर दिसला की विचारतो, आजची गोळी खाल्ली का? नसेल मिळाली तर शिक्का घेतला का? काही जण वैतागतात. वैतागू देत.

आमच्या प्लाटूनचे तिघे सीमेवर गेले. त्यांची नावं गावागावांत दगडावर आहेत, पंधरा ऑगस्टला वाचली जातात. मी मात्र चार नावं घेतो. चौथं नायक मल्लप्पा, रेडिओ ऑपरेटर. तो माझा हुकूम पाळताना गेला.