कोरडा पदर

बऱ्हाणपूरच्या दवाखान्यात ऑपरेशनचा संमतीचा कागद घेऊन मी दोन तास बसलो होतो. टाळूची गाठ काढून तिथे माझ्याच गालातला स्नायू वळवून लावणार होते. सही काही होत नव्हती.

शेजारी इच्छापूरची एक बाई बसली होती, केळीच्या बागेत कामाला जाणारी.

"हाच कागद मी बी धरून बसली होती," ती म्हणाली. "भीती काहाची वाटते, भाऊ?"

"प्यालेला चहा नाकातून येईल याची."

तिने चहा मागवला, बशीत ओतला, ओठांचा चंबू करून लांब फुंकर मारली आणि बशी एका दमात रिकामी केली. मग पदराने नाक पुसून पदर माझ्यापुढे धरला. कोरडा होता.

"मिसरीपायी माही टाळू गेली. गालातलं मांस तिथं बसवलं, पन डॉक्टरनं त्याचं गालातलं मूळ नाही तोडलं. मूळ हाय तं जगतेच."

मी सही केली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता मीही चहा बशीतच ओततो. पिऊन झाल्यावर नाक पुसून रुमाल बघतो. कोरडाच असतो.