पाण्यातली धाकटी

आधीच सांगते, मला भुताखेतांचं काही वाटत नाही. खालापूरला माझा मसाला कुटायचा डंका आहे. दिवसभर मिरचीचा खकाणा आणि लोखंडाचा दणका... तिथे बसून कुणाला गूढबिढ सुचत नाही. या सदरातले अनुभव वाचून मी हसलेली आहे. तरीही लिहितेय, कारण गेलं वर्षभर ही गोष्ट एकटीने सांभाळतेय आणि आता कंटाळा आलाय.

माझं माहेर खालापूर आणि रसायनीच्या मधे, पाताळगंगेच्या काठावर. गावाचं नाव देत नाही, नाहीतर लोक पहारी घेऊन येतील. गावात जुनी गोष्ट आहे – समुद्रावरच्या चाच्यांची गलबतं भरतीच्या पाण्याने खाडीतून आपट्याच्या बंदरापर्यंत यायची, आणि अशीच एकदा लुटीची ओझी बैलांवर लादून नदीकाठाने घाटाकडे निघाली. पाठलाग झाला म्हणून माल वाटेत आमच्या शिवारात दडवला. पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनी इथल्या झाडांखाली खणलं, खडकावरची चिन्हं वाचली, नारळ फोडले. मिळालं काही नाही.

माझा धाकटा भाऊ नंदू त्यातलाच. कारखाना बंद पडला, लग्न केलेलं नव्हतं, हाताला काम नाही. मग हेच काम. चावडीवर त्याला 'कॅप्टन' म्हणायचे. "काय कॅप्टन, जहाज कुटवर आलं?" हा पण म्हणायचा, "टोलनाक्याला अडाकलंय, सुटं पैसं नायत." मी त्याला वेड्यात काढायची आणि डबा पाठवायची.

माझ्या मुलीच्या हळदीला एक गोष्ट घडली. आमच्या घरात हळद दळताना बायका एक गाणं म्हणतात. फक्त आमच्याच घरात, आणि पुरुष तेव्हा बाहेर बँजोवाल्यांपाशी असतात, त्यामुळे त्यांच्या कानावर ते कधी पडत नाही. त्या दिवशी नंदू तापाने आत पडून होता. दुसऱ्या दिवशी अजून मंडप उतरायचा होता, तेवढ्यात हा माझ्यापुढे येऊन बसला.

"ताई, कालचं गाणं परत म्हण."

"मला काम नाही का रे?"

"म्हण गं."

म्हटलं.

*आपट्याच्या बंदरी गलबतं लागली,*
*सोन्याची वझी बैलावं लादली.*
*साती बहिणी नदीला बसल्या,*
*सहा जणी कडंला, धाकटी पाण्यात.*
*चैताच्या उन्हात पाय तिचा दिसं,*
*पाठीशी तिच्या सोन्याचं माप.*

तो मला हाताला धरून नदीवर घेऊन गेला. आमच्याकडे काठावर साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात बहिणींचे, दगड आहेत. नवी नवरी तिथे हिरव्या बांगड्या वाहते, ओटी भरते. मीही भरली होती.

"मोज," नंदू म्हणाला.

मी मोजले. सहा. जन्मभर साती आसरा म्हणत आलो आणि दगड सहाच, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"एखादा गेला असेल पुरात वाहून."

"नाय. ती पाण्यात बसलीय. आमी समदं झाडांखाली खणीत बसलो, आन तुमी बायका पत्ता गात व्हत्या."

अडचण एकच. वर खोपोलीला पॉवरहाऊस आहे. वीज तयार झाली की तिथलं पाणी आमच्या नदीत सुटतं, म्हणून ऐन चैत्रातही नदी भरलेली असते. ते होण्याआधी उन्हाळ्यात कोरडी पडायची म्हणे. सातवी दिसायची तर सगळी मशिनं एकदम बंद व्हायला हवीत, आणि तशी ती होत नाहीत. आमच्या आळीतला दिनेश तिथे कामाला आहे. नंदू त्याला दर उन्हाळ्यात विचारायचा. तो म्हणायचा, "काका, तुमच्या खजिन्यापायी आख्ख्या मुंबईचं पंखं बंद करू काय?"

मग नंदूला कावीळ झाली, आणि ती कावीळ नव्हतीच. पनवेलच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. आवडेल ते... त्याला पेज जात नव्हती. मी त्याला माझ्याकडे आणलं. सोन्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. एवढंच म्हणायचा, "ती तिथं हाय का नाय, येवढं कळलं पायजे व्हतं गं. नायतर मी नुसता येडाच."

चैत्रातली दुपार. मसाल्याचा सीझन, डंक्यावर बायकांची रांग. नंदू भिंतीला धरत धरत दुकानात आला. "ताई, आज ने." मी मशीन बंद केलं. बायका कुरकुरल्या, कुरकुरू दे. स्कूटीवर मागे बसवून ओढणीने त्याला माझ्या पाठीशी बांधलं. वजनच नव्हतं हो त्याला.

नदीवर पोचलो. आधी जाणवलं ते म्हणजे, पाण्याचा आवाज नाही.

नदी कोरडी होती.

आत्ताच पाणी तोडलं असतं तर डबकी दिसली असती, मासे तडफडताना दिसले असते. तसं काही नव्हतं. गाळाला भेगा गेलेल्या, गोट्यांवर धूळ. महिनोन्‌महिने थेंब न आल्यासारखं. आणि मधोमध गुडघाभर उंचीचा एक काळा दगड. ओला, चकचकीत शेंदूर लावलेला. पुढ्यात हिरव्या बांगड्या.

नंदूने ओढणीची गाठ सोडली आणि चालायला लागला. चार पावलं टाकायला माझा खांदा लागायचा त्याला... तो गोट्यांवरून सरळ चालत गेला, लहानपणी जायचा तसा. मी काठावरच थांबले. इथली माणसं पात्रात कुणी उतरलं की आधी वरच्या अंगाला बघतात, पाणी सोडलं तर सांगता येत नाही. मी तिकडेच बघत होते.

"नंदू, चल रे. पाणी सोडतील."

"थांब गं, येतो."

त्याने दोन्ही तळवे दगडावर ठेवले, डोकं टेकलं. बराच वेळ. मी ओरडत राहिले, "चल, चल." तो सावकाश परत आला. मी त्याचा हात धरून काठावर घेतला, स्कूटीवर बसवायला वळले, गाठ मारली, मान वर केली... आणि नदी भरलेली. लोंढा आला नाही, आवाज झाला नाही. रोजच्यासारखी वाहत होती.

"बघितलंस ना?" त्याने पाठीमागून विचारलं.

"बघितलं."

"सातवी."

"आणि खजिना?"

तो हसायला लागला, त्याची हाडं माझ्या पाठीला लागत होती. "बघायचं राह्यलंच की गं."

"उद्या परत येऊ."

"नको. बायमाणूस बसलंय तिथं. तिच्या पाठीमागं हात घालून चाचपू काय मी?"

त्याच आठवड्यात तो गेला. शेवटची अंघोळ मी घातली. त्याचे दोन्ही तळवे शेंदरी होते. साबण लावला, खोबरेल लावलं. रंग गेला नाही. तसेच राहू दिले.

दहाव्याला माहेरच्या गावातली कुसुम आली. आम्ही नदीवर गेलो त्या दुपारी ती खालच्या घाटावर कपडे धूत होती. म्हणाली, "शेवटचा नदीला आणलास त्याला, बरं केलंस. पण तू त्या दिशी अशी का वराडत व्हतीस गं? तो तर तुज्या शेजारीच बसलेला."

"नदीत पाणी होतं?"

"म्हंजे? मी कपडं कशात धुतली?"

दिनेशला विचारलं. त्या दुपारी सगळी मशिनं चालू होती.

ऊन होतं, माझी झोप झालेली नव्हती, आणि त्याला ते दिसावं असं मला फार वाटत होतं. हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय. शेंदूर काठावरच्या दगडांचा असेल म्हणाल, तर ते गावच्या पोरांनी ऑइलपेंटने रंगवलेत. मी जाऊन हात घासून बघितला, काही लागलं नाही. याहून जास्त मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात दिनेशचा फोन आला. मोठी दुरुस्ती निघालीय, पहिल्यांदाच सगळी मशिनं एकदम बंद ठेवणार आहेत. "मावशी, नदी पार खाली जाईल. काकांची सातवी बघायची असंल तर या."

मी म्हटलं, सीझन आहे रे, दुकान सोडून कशी येऊ.

ती दुपार आली. बाहेर रांग होती. मी डंका चालूच ठेवला. मधेच एका बाईने विचारलं, मावशी, डोळ्यात मिरची गेली काय. हो म्हटलं.