उघडीप म्हणू नका

आमच्या सरांसमोर कुणी नुसतं "आज लई ऊन हाय" म्हटलं, तरी ते विचारायचे, "संदर्भ?" त्यामुळे वारंगा फाट्यावर सगळे त्यांना संदर्भ सर म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. शाळेत त्यांनी मला इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते रोज दुपारी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येत आणि कोपऱ्यातला कॉम्प्युटर आपल्या तीर्थरूपांचाच असल्यासारखा बळकावून बसत. सातबारा काढायला आलेली माणसं ताटकळायची, मी मनातल्या मनात चरफडायचे. पण सरांना उठवणार कोण?

तिथे बसून ते इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातला एक लेख सुधारत. हा ज्ञानकोश कुणीही लिहावा, कुणीही दुरुस्त करावा असा. लेख होता शंभराहून जास्त वर्षांपूर्वी किनाऱ्यावर येऊन गेलेल्या एका चक्रीवादळाचा. आता आमच्या हिंगोली जिल्ह्यात समुद्र कुठला? सरांनी तर तो जन्मात पाहिला नव्हता. मी एकदा विचारलंच, "सर, आपला काय संबंध?"

"पोरी, गावंच्या गावं वाहून गेली अन् मराठीत दोन ओळी? त्याबी मशीननं केलेल्या. 'वादळाने जमीन पाडली' म्हणे. मेलेल्या माणसांची अशी थट्टा करू न्हाई."

त्या दोन ओळींचा त्यांनी भलामोठा लेख केला. जुन्या इंग्रजी अहवालांवर भिंग धरून डोळे लाल करून घेतले. त्यांना एकच हवं होतं, ज्ञानकोशाने 'उत्तम लेख' म्हणून त्याची निवड करावी, म्हणजे तो पहिल्या पानावर झळकेल आणि चार लोक वाचतील. अट एवढीच की एकही वाक्य बिनसंदर्भाचं नको. आता सरांना ही अट म्हणजे हातचा मळ.

त्या लेखात त्यांचं एक वाक्य होतं: 'वादळाचा मध्य गावांवर आला तेव्हा वारा थांबून काही काळ उघडीप मिळाली.' उघडीप हा आपला शेतावरचा शब्द. पाऊस जरा थांबला, निंदायला सवड मिळाली, की कुरुंदा गावचा हळद पिकवणारासुद्धा खुशीत सांगतो, उघडीप हाय. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर कुणीतरी 'उघडीप मिळाली' खोडून 'भूल पडली' केलं होतं. लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसते आकडे. सरांनी उघडीप परत घातली. पुन्हा भूल झाली. मग सरांनी लेखाच्या चर्चापानावर खरमरीत विचारलं, "संदर्भ द्यावा."

उत्तर आलं, "उघडीप म्हणू नका. उघडीप समजूनच आम्ही बाहेर आलो. लेकरं अंगणात खेळायला लागली. मग वारा उलट्या बाजूने आला आणि मागून पाणी."

सरांनी लिहिलं, "याला संदर्भ?"

"मी तिथं होते."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी हसत म्हटलं, "कुणीतरी टवाळ पोरगं आहे, सर." सर हसले नाहीत. म्हणाले, "टवाळ माणूस एवढ्यावर थांबत न्हाई. रंगवून सांगतो." 'भूल' मात्र त्यांनी पुन्हा खोडली आणि उघडीप घातली. नियम म्हणजे नियम.

त्यानंतर वैशाखात फाट्यावर वादळ झालं. पत्रे उडाले, फलक उडाले आणि एकदम सगळं थांबलं. पान हलेना. कुत्रीसुद्धा गप्प. माझा फलक रस्त्यात पडला होता, तो उचलायला मी निघाले. म्हटलं, "झाली उघडीप." सरांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार. दरवाज्याकडे पाहत हळूच म्हणाले, "उघडीप म्हणू नको. काहून निघून राहिलीस? थांब." मला हात सोडवून घेता येईना. तेवढ्यात उलट्या बाजूने वारा आला आणि समोरच्या हॉटेलचा आख्खा पत्रा माझ्या फलकावर कोयत्यासारखा येऊन रुतला.

दुसऱ्या दिवशी सर आले ते थेट कॉम्प्युटरवर बसले. त्या बाईचं म्हणणं जसंच्या तसं लेखात घातलं आणि संदर्भाच्या जागी लिहिलं, 'तिथे असलेली स्त्री'. मी म्हटलं, "सर, आता लेख निवडतील का?"

"न्हाई निवडणार. पण काल तुझा जीव वाचला तो कशानं, मला बराबर ठाऊक हाय."

लेख अर्थातच नाकारला गेला. ज्ञानकोशाच्या मंडळींनी बिनसंदर्भाचं एक वाक्य काढायला सांगितलं, सरांनी काढलं नाही. इतक्या वर्षांची मेहनत, पण एका शब्दाने कुरकुरले नाहीत. मीच घरी जाऊन रडले.

पुढच्या हिवाळ्यात सर गेले. दुपारी जरा पडले ते उठलेच नाहीत. कोपऱ्यातला कॉम्प्युटर मोकळा झाला आणि दुकान मला खायला उठलं. सरांची किती सवय झाली होती ते मला तेव्हा कळलं. तेराव्या दिवशी, काय वाटलं कुणास ठाऊक, मी ते चर्चापान उघडलं आणि लिहिलं, "आमचे सर गेले. तुम्हाला कळवावं म्हणून लिहिते."

सकाळी दुकान उघडलं तर खाली उत्तर होतं.

"ठाऊक आहे. इथंच आहेत. आधी फार घाबरले होते. मी हात धरला. आता बरे आहेत."