इंग्रजीमार्गे स्पॅनिश

नांदेडपासून उदगीरपर्यंत कुणी विनंती केलेली नसताना स्पॅनिश शिकलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. लातूरजवळच्या एका गावात त्यांचं किराणा दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग आणि मांडीवर इंग्रजी-स्पॅनिश शब्दकोश. हा कोश त्यांनी नांदेडच्या रद्दीवाल्याकडून पुड्या बांधायला म्हणून वजनावर घेतला होता. पहिलं पान फाडण्याआधी सहज वाचलं, आणि पुड्या राहिल्या त्या राहिल्याच.

इंग्रजी त्यांना मॅट्रिकपुरतं येत होतं, पण त्या भाषेवर त्यांचा जीव नव्हता. "इंग्रजीत लई गर्दी झाली हाय," ते म्हणत, "हितं कसं मोकळं हाय!" वाण्याचा स्वभाव, त्यामुळे तागडीच्या एका पारड्यात इंग्रजी शब्द टाकायचा आणि दुसऱ्यातून स्पॅनिश उतरवून घ्यायचा, असा त्यांचा रोखठोक व्यवहार. साखरेच्या डब्यावर 'अझुकार', मिठावर 'साल', तांदळावर 'आर्रोझ' अशा चिठ्ठ्या लागल्या. खरा उच्चार काय ते देव जाणे. साडू अक्षर दिसेल तसं वाचत आणि ठणकावून वाचत. अझुकार मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते चिमूटभर जास्त घालत, म्हणून गावातल्या म्हाताऱ्यासुद्धा पदर सावरत अझुकार मागू लागल्या. एकटी माझी मेव्हणी बधली नाही. एकदा जेवताना त्यांनी पाण्याऐवजी 'अगुआ' मागितलं, तर ती म्हणाली, "ज्या भाषेत मागताव, त्या मुलखात जाऊन प्या."

मग दुष्काळ पडला. गावची विहीर आटली, बाया घागरी घेऊन दूरच्या शिवारात जाऊ लागल्या. तेव्हा एका परदेशी मदतपथकाचं बोअरचं मशीन गावात आलं. ते चालवणारा मिगेल स्पेनचा. गावाने त्याचा मुगळे करून टाकला. पहिलं बोअर कोरडं गेलं. दुभाषा आधीच पुढच्या गावी गेला होता आणि मुगळेही पाइप गाडीत भरू लागला. सरपंच धावत दुकानात आले. मीही तेव्हा पाहुणा म्हणून तिथेच होतो. "अप्पा, तुमी त्याची भाषा बोलताव. अजून एक जागा बघ म्हणावं, न्हाईतर गाव उठंल."

साडू कोश काखेत मारून निघाले. मुगळेसमोर बसले, बोट ठेवून शब्द शोधला आणि म्हणाले, "माद्रे? बुएनो?" म्हणजे आई बरी आहे ना? मग वडील. मग गाई किती. मग तिकडे पाऊसपाणी कसं. सरपंचांचा जीव टांगणीला. "अप्पा, बोअरचं काढा की!"

साडू कडाडले, "पाव्हण्याला घरचं न इचारता काम सांगायचं व्हय? आपुन काय इंग्रज हाव का?"

मुगळे मात्र पाइप टाकून दगडावर बसला. आल्यापासून त्याला कुणी पाण्याखेरीज काही विचारलं नसावं. तो खाली मान घालून भडाभडा बोलत सुटला. साडूंना त्यातलं माद्रे तेवढं कळलं. ते हसून, मान डोलावून "सी, सी", म्हणजे हो, हो, म्हणत राहिले. शेवटी त्याने तेलकट फडक्याने तोंड पुसलं, आम्हाला वाटलं घाम. साडूंनी हळूच पाण्याचं काढलं; तो उठला आणि पाइप पुन्हा उतरवू लागला. दुसऱ्या दिवशी पाणी लागलं. सगळं गाव चिखलात नाचलं, आणि त्या गोंधळात मशीन निघूनही गेलं.

साडू मात्र अडकले. मुगळे माद्रेच्या मागोमाग पुन्हा पुन्हा 'व्यूदा' म्हणाला होता, तो शब्द त्यांच्या कानात राहिला. पण कोश इंग्रजीतून स्पॅनिशकडे जाणारा. त्यातून विचारता येई, उत्तर काढता येत नसे. तेव्हा पहिल्या अक्षरापासून उजवीकडचे शब्द वाचत जाणं एवढाच मार्ग. "व्यूदा हे त्याच्या गावाचं नाव असेल," असं मी एकदा चिडवलं. ते हसले नाहीत. "आईचं इचारलं, आन काय सांगितलं ते कळलं न्हाई. लई वंगाळ झालं हे."

वर्षं गेली. लातूर जिल्हा झाला, तेव्हा मी नांदेडहून पेढे घेऊन गेलो. रस्त्यात भोंगे वाजत होते, पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं रंगवणं चाललं होतं. साडू दुकानात मांडीवर कोश उघडा टाकून बसले होते. मी पेढा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"घावला," ते म्हणाले. "पार शेवटाला, डब्ल्यूत, विडोच्या म्होरं. विधवा. आई विधवा हाय म्हणून सांगत होता तो. आन मी हसत होतो."

इतकी वर्षं मी ज्यांची टिंगल केली, त्या माणसाबद्दल मला त्या क्षणी फार माया वाटली.

मेव्हणी दाराआडून ऐकत होती. स्पॅनिशचा एक शब्द कधी कानावर न घेतलेली ती बाई बाहेर आली आणि त्यांच्याशेजारी बसली.

"अगं बाई," ती म्हणाली. "आन आपण त्या लेकराला जेवूबी न घालता वाटंला लावून दिलं."