निर्गुडीचा पहिला नंबर

मी आज जो काही आहे तो पाचोडच्या शाळेतल्या आमच्या विज्ञानाच्या सरांमुळे. बारावीनंतर वडील मला चितेगावच्या एका कंपनीत चिकटवायला निघाले होते. सर घरी आले, ओट्यावर बसले आणि माझा कॉलेजचा फॉर्म भरून होईपर्यंत त्यांनी चहाला हात लावला नाही. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पुढं संभाजीनगरला एम.एस्सी. झालो आणि तिथंच संशोधनाला लागलो.

हे काम गावात समजावणं अवघड. ना परीक्षानळी, ना पांढरा कोट. डेंग्यूच्या विषाणूत एक प्रथिन असतं आणि त्याला एक खोबण असते. वनस्पतींमधले रेणू एकेक करून त्या खोबणीत बसवून पाहायचे. म्हणजे संगणकानं पाहायचे. मी यादी द्यायची आणि चहाला जायचं. रेणू घट्ट बसला की गुण मिळतात, तेही उणेमध्ये. जितके जास्त उणे, तितका रेणू हुशार. शाळेत ही पद्धत असती तर मी गणितातही चमकलो असतो.

एका सोमवारी चहाहून आलो, तर निर्गुडीतला एक रेणू यादीत सगळ्यांच्या वर! आमच्या ओढ्याकाठी माजलेली, शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत ती निर्गुडी. माझ्या मार्गदर्शक मॅडमना दाखवायच्या आधी मी सरांना फोन लावला.

"सर, आपली निर्गुडी डेंग्यूवर पहिली आली!"

"काय म्हणतो! आरं थांब, स्पीकरवर टाकतो. हां, आता सांग. मोठ्यानं."

मी पुन्हा सांगितलं. मोठ्यानं.

गुरुवारी व्हॉट्सॲपवर फोटो आला. पाचोडच्या स्टँडवर फ्लेक्स लागला होता. मधोमध मी, मामाच्या लग्नातला, फेटा बांधलेला. 'डेंग्यूवर रामबाण औषध शोधल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली सरांसकट दहा-बारा शुभेच्छुकांचे हसरे फोटो. मी तो विभागात सगळ्यांना दाखवत फिरलो. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"प्रथिनाच्या फाइलीत त्याच्या खोबणीत आधीच बसलेला जो मूळ रेणू येतो, तो काढून परत बसवून बघितलास?"

नव्हता बघितला. खरं तर ती पहिली पायरी. ज्याची जागा आधीच माहीत आहे तो रेणू संगणकानं बरोबर त्याच जागी बसवला, तरच बाकीच्यांबद्दल त्याचं मत धरायचं. मी बसवून बघितला. तो भलतीकडेच जाऊन बसला. खोबण कुठं आहे हे संगणकाला चौकट आखून सांगावं लागतं आणि मी आधीच्या एका प्रथिनाची चौकट तशीच ठेवली होती. ती दुरुस्त केली, तशी निर्गुडी यादीत पार तळाला गेली.

"चुका होतात," मॅडम म्हणाल्या. "पण त्यांचे फ्लेक्स लावत नाहीत."

तरी मी गावाकडे काही कळवलं नाही. कुणाचा तरी वाढदिवस येईल, दुसरा फ्लेक्स चढेल, माझा आपोआप उतरेल, असा हिशेब होता. शुक्रवारी आईचा फोन आला.

"शेजारची वहिनी तीन दिस झालं तापलीय. दवाखान्यात चल म्हणलं, तर म्हणती, निर्गुडी उकळून घेतीय की, तुमच्याच पोराचं औषध हाय."

"आई, आत्ताच्या आत्ता तिचं रक्त तपासून आण. ते औषध-बिवषध काही नाही. मी चुकलो."

"आन् स्टँडवर लिवलंय ते?"

"तेही चूक."

"मग सरांला कोण सांगनार?" एवढं विचारून आई वहिनीकडे पळाली.

फोन केला असता तर सरांनी तो स्पीकरवर टाकला असता. शनिवारी दुपारी मी पत्र लिहिलं आणि पाचोडकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिलं.

सर,

हे एकट्यानं वाचा. निर्गुडीबद्दल मी सांगितलेलं चुकीचं निघालं. तुमची काही चूक नाही. मी तपासायच्या आधी बोललो. आणि ते बरोबर असतं तरी औषध नव्हतंच. संगणकावर पहिला आलेला रेणू म्हणजे नुसता मुलाखतीला बोलावलेला उमेदवार. खरी परीक्षा प्रयोगशाळेत, आणि तिथून बहुतेक परत येतात. हे मला माहीत होतं. फोनवर तुम्ही इतके खूश होतात, की माझ्यानं सांगवलं नाही.

आमच्या शेजारच्या वहिनी तीन दिवस काढ्यावर राहिल्या. त्यांना डेंग्यूच निघाला. काल रात्री दाखल केलं. वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले. आणखी कुणी घरी काढा पीत असेल, तर त्यांना दवाखान्यात धाडा. माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. पोरानं चूक केली, असं सरळ सांगा.

तुम्ही नसता तर मी शिकलो नसतो, हे तुम्हाला कधी तरी लिहायचं होतं. ते अशा पत्रात लिहावं लागतंय.

उद्या पहिल्या गाडीनं येतो. फ्लेक्स मीच उतरवीन. तुम्ही फक्त शिडी बघून ठेवा.

तुमचा विद्यार्थी